डाव्या कुशीला कान

सरांबद्दल मी लिहावं हे मला अजूनही बरोबर वाटत नाही. त्यांच्या हाताखालून माझ्यापेक्षा हुशार आणि माझ्यापेक्षा चांगलं लिहिणारी कितीतरी मुलं गेली. मी बागलाणातला. घरात अहिराणी, शाळेत मराठी आणि कॉलेजात एकदम इंग्रजी, या पायऱ्या चढतानाच माझा दम गेला. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिला मीच, त्यामुळे लेख कसा लिहितात हे विचारायला घरात कुणी नाही. क्रम मागेपुढे झाला तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. पण सरांच्या सांगण्यावरून गाईच्या कुशीला कान लावून उभा राहिलेला विद्यार्थी त्यांच्या सगळ्या नोकरीत मी एकटाच होतो. ती गोष्ट दुसरं कुणी लिहील असं वाटत नाही, म्हणून हे धाडस.

सर आम्हाला नाशिकच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. नव्वदचं दशक संपत आलं होतं. प्रात्यक्षिकाच्या तासाला ते टेबलांमधून हुंगत फिरायचे. कुणाच्या परीक्षानळीत काय बिघडलंय हे बघायच्या आधी वासावरून सांगायचे. दिवाळीच्या सुट्टीनंतर मी पहाटे धारा काढून एसटीनं थेट कॉलेजात आलो होतो. माझ्या मागे येऊन ते थांबले, एक श्वास घेतला आणि म्हणाले, "गोठा."

मुलं हसली. मला कुठं तोंड लपवू असं झालं.

"किती गुरं?"

"चार, सर. म्हणजे पाच. एक वासरू आहे."

"रवंथ करायला लागलंय?"

"माहीत नाही, सर."

"माहीत नाही?" ते रागावले नव्हते, हळहळले होते. "घरात एक जीव रवंथ करायला शिकतोय आणि तू इथं मीठ ओळखत बसलायस. संध्याकाळी घरी ये."

त्या संध्याकाळी मी पंचवटीत त्यांचं घर विचारत गेलो. विचारायची गरज नव्हती. गल्लीच्या तोंडापासून ओव्याचा वास येत होता. वर गेलो तर स्वयंपाकघरात गॅसवर कुकर, शिट्टीच्या जागी तांब्याची नळी, नळी बर्फाच्या बादलीतून फिरून खाली काचेच्या बाटलीत. बाटलीत थेंब पडत होते आणि सर त्यांच्यापुढे मांडी घालून बसले होते. दारात काकू उभ्या होत्या.

"तुम्ही नवीन का?" त्यांनी मला विचारलं. "बघून ठेवा. लग्नात माहेरून मिळालेला कुकर आहे. गेलं वर्षभर आमच्याकडे आमटीला लवंगेचा, भाताला निलगिरीचा वास येतो. पाहुणे विचारतात, सर्दी झालीय का कुणाला."

"निलगिरी एकदाच केली होती," सर मान न वळवता म्हणाले.

"एकदा पुरे झाली."

सरांना जे करायचं होतं ते ऐकायला सोपं होतं. ओवा, लवंग, पुदिना, लसूण यांच्यातून निघणारं सुगंधी तेल थेंब थेंब गुरांच्या खाण्यात घालायचं आणि पचन सुधारतं का ते पाहायचं. गाईच्या पहिल्या पोटाला ते हंडा म्हणायचे. "गाय गवत खाते हे तुला कुणी सांगितलं? गाय पंगत वाढते. हंड्यात कोट्यवधी सूक्ष्म जीव बसलेत, ते गवत खातात आणि त्यांच्यावर गाय जगते. आता त्या पंगतीत काही आडदांड असतात. भात-पोळी दिसली की तुटून पडतात, आंबट करतात, वायू करतात, गाय फुगते. त्या आडदांडांना उठवायचं नाही. जरा दमानं घ्या म्हणायचं. ते काम ओव्याचं तेल करील असा माझा अंदाज आहे."

"करतं, सर," मी उत्साहानं म्हणालो. "आमच्याकडे गुराचं पोट फुगलं तर ओवा देतात."

"बघितलंस का?"

हा त्यांचा कायमचा प्रश्न. स्टाफरूममध्ये कुणी म्हणालं, यंदा पाऊस चांगला आहे, तर सर विचारायचे, बघितलात का? प्राचार्य म्हणाले की मुलांमध्ये शिस्त वाढली आहे, तरी तेच. लोक त्यांना टाळायचे. पण त्या दिवशी मी खरंच विचारात पडलो. ओवा दिलेला मी पाहिला होता. न दिलेल्या फुगलेल्या गुराचं पुढे काय झालं, हे मी कधीच पाहिलं नव्हतं.

"तेच," सर म्हणाले. "दिलेलं आणि न दिलेलं, शेजारी शेजारी. त्याशिवाय काही कळत नाही."

गावी जाऊन मी वडिलांना, आबांना, हे सगळं सांगितलं. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुना सर येडा शे का?" मी नाही म्हणालो. पण वासराजवळ मात्र तासभर बसून राहिलो. ते रवंथ करत होतं. जबडा आडवा फिरत होता, मग थांबला, गळ्यातून काहीतरी खाली गेलं, दुसरं वर आलं. एवढी वर्षं ते माझ्यासमोर चाललं होतं. सोमवारी सरांना सांगताना माझा आवाज चढला होता, आणि मी कॉलेजात आवाज चढवून बोलणारा मुलगा नव्हतो.

हे वेड कुठून लागलं ते काकूंनी मला सांगितलं. शेवंताबाई म्हणून एक गवळीण सरांच्या घरी दुधाचा रतीब घालायची. तिच्या गाई होत्या पाच. पितृपक्षात ती त्या गंगेवर नेऊन उभ्या करायची. गोदावरीला नाशकात आम्ही गंगाच म्हणतो. श्राद्धाला आलेली माणसं गाईला घास देतात. भात, खीर, वडे, पुरणपोळी. पंधरा दिवस सकाळपासून. शेवंताबाईचं वर्षाचं बरंचसं त्या पंधरवड्यावर चालायचं. मी कॉलेजात यायच्या आदल्या वर्षी तिची पवळी तिथंच घाटावर फुगून आडवी झाली. सर स्कूटरवरून चालले होते. ते थांबले, पण त्यांना काहीच करता आलं नाही. गाय गेली. घरी येऊन ते जेवले नाहीत आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी कुकर मागितला.

उरलेल्या चार गाई पितृपक्षातून पार पडाव्यात एवढंच शेवंताबाईला हवं होतं. आपल्या तेलानं त्या पार पडतात की आपोआप, हे सरांना कळायला हवं होतं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे तेव्हा आमच्या तिघांपैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात आधी लसणाचं प्रकरण झालं. सरांना वाटलं, वायू कमी करायला लसूण ओव्यापेक्षा जोरकस असेल. शेवंताबाईनं हो म्हटलं. सरांनी लसणाचं तेल काढलं, कोंड्यात मुरवलं आणि धारेच्या आधी गाईंना खाऊ घातलं. आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही की श्रावण चालू आहे. निम्म्या पंचवटीनं चातुर्मासात कांदा-लसूण सोडलेला असतो. ते दूध त्याच घरांत गेलं, आणि सोमवारच्या उपासाची खीर झाली.

संध्याकाळी सरांच्या जिन्यात सात-आठ बायका उभ्या. पुढे समोरच्या वाडीतल्या वहिनी, हातात पातेलं.

"हुंगा," त्या म्हणाल्या.

सरांनी हुंगलं. त्यांचा चेहरा उजळला. "हे सकाळचं दूध की संध्याकाळचं?"

"काय?"

"सकाळचं की संध्याकाळचं? आणि तापवायच्या आधी वास होता की तापवल्यावर आला?"

"अहो, चातुर्मास मोडला आमचा."

"हो, हो. पण तापवायच्या आधी?"

मागून एक जण म्हणाली, "आमच्या दुधाला आधीच येत होता." दुसरी म्हणाली, "आमच्याकडे संध्याकाळच्याला नव्हता." सर कागद शोधायला धावले. रागावून आलेल्या बायका जिन्यात बसून एकमेकींना दुरुस्त करत माहिती द्यायला लागल्या. काकूंनी कपाळाला हात लावला आणि चहा टाकला, काळा.

खालच्या मजल्यावर राहणारे भटजी न्यायनिवाड्याला वर आले. ते म्हणाले, "लसूण गाईनं खाल्ला, तुम्ही नाही. व्रत मोडलं असेल तर गाईचं."

"मग ढेकर आम्हाला का येतात?" वहिनींनी विचारलं. भटजी जिना उतरायला लागले.

उत्तर सरांकडे होतं. सगळ्या गेल्यावर ते मला म्हणाले, "तुझ्या लक्षात आलं का? हंड्यातून रक्तात, रक्तातून दुधात, आणि ते इतक्या लवकर. म्हणजे द्यायचं तर धार झाल्यावर द्यायचं, पुढच्या धारेपर्यंत वास निघून जाईल. हे पुस्तकात असेलही. पण आपण बघितलं." त्यांना खोलीत बसवत नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते प्रत्येक घरी जाऊन माफी मागून आले आणि मागताना प्रत्येकीला हे समजावूनही आले. तरी बऱ्याच घरांनी रतीब बंद केला. ते सगळं दूध आठवडाभर सरांनी घेतलं आणि आमच्या वर्गाला पाजलं. ते दूध ज्यांनी प्यायलं त्यांना सर अजून आठवत असतील.

पितृपक्ष जवळ आला तेव्हा शेवंताबाई स्वतःहून आली. "सर, लसूण नको. पण ते ओव्याचं काय म्हणत होता ते द्या. पवळीसारखं पुन्हा नको."

सर म्हणाले, "देतो. पण दोन गाईंना द्यायचं, दोघींना नाही."

"का वो? त्या दोघींनी काय केलं?"

"काही नाही केलं. पण चौघींना दिलं आणि चौघी बऱ्या राहिल्या, तर मला कसं कळेल की तेलानं राहिल्या?"

"तुम्हाला कळून काय करायचंय? बऱ्या राहिल्या म्हंजे झालं की."

सरांनी तिला खूप वेळ समजावलं. आज दोन गाईंपुरतं कळलं तर उद्या जिल्हाभरच्या गाईंना देता येईल, असं सांगितलं. न दिलेल्या गाईला जरा जरी त्रास दिसला तर तेल लगेच देऊ, असं वचन दिलं. ती ऐकत होती आणि मान डोलवत होती. शेवटी म्हणाली, "बरं, सर. तुम्ही म्हणाल तसं." कपिला आणि तांबडीला तेल द्यायचं, गौरी आणि हरणीला नाही, असं ठरलं. तेलात मुरवलेल्या कोंड्याचे लाडू काकूंनी वळले. कुकर परत मिळण्याच्या अटीवर.

माझं काम घाटावर. सकाळी कॉलेजच्या आधी आणि दुपारी नंतर, चारही गाईंच्या डाव्या कुशीला कान लावायचा. हंडा डाव्या बाजूला असतो. तो नीट चालत असला की आत लांबून ढग गडगडल्यासारखा आवाज येतो, थांबतो, पुन्हा येतो. आवाज मंदावला तर सरांना कळवायचं. पहिल्या दिवशी मला लाज वाटली. दुसऱ्या दिवशी मी आवाज ओळखायला लागलो. तिसऱ्या दिवशी डोळे मिटूनही गौरी कोणती आणि तांबडी कोणती ते मला सांगता येत होतं, आणि कॉलेजच्या तासाला बसून मी दुपार कधी होते याची वाट बघत होतो.

मग ते झालं. बाहेरगावाहून श्राद्धाला आलेले एक गृहस्थ मला बराच वेळ बघत होते. जवळ येऊन हळूच म्हणाले, "आम्ही पण ऐकायचं का?"

मला वाटलं त्यांना उत्सुकता आहे. मी म्हणालो, "ऐका ना. इथं, डाव्या बाजूला."

त्यांनी टोपी काढली, हात जोडले, गाईला घास दिला आणि कान लावला. बराच वेळ ते हलले नाहीत. उठले तेव्हा डोळे पाण्यानं भरलेले. बायकोला म्हणाले, "नानांचं पोट असंच वाजायचं जेवल्यावर. तोच आवाज."

त्यांच्या मागं त्यांची बायको वाकली. तिच्या मागं तिची नणंद. दुपारपर्यंत कपिलेपाशी रांग लागली. नाशकात असा विधी असतो, घास दिला की पितर पोचपावती देतात, असं रांगेतले लोक एकमेकांना सांगत होते. मी सगळ्यांना सांगत होतो की हा प्रयोग आहे, पण एका आजोबांनी मला दटावलं, "गप ऐकू दे." भटजी लांबून बघत होते. संध्याकाळी ते मला म्हणाले, "शास्त्रात नाही. पण वाईटही काही नाही."

मी घाबरत घाबरत सरांना सांगितलं. मला वाटलं चिडतील. ते स्कूटर काढून घाटावरच आले आणि रांगेतल्या प्रत्येकाला विचारायला लागले, "आवाज आला? मोठा की बारीक? पुन्हा आला का?" लोकांना ते कुणी मोठे शास्त्री वाटले. लोक खरं खरं उत्तर द्यायचे. "इतकी माणसं एका गाईचा हंडा ऐकतायत," सर मला म्हणाले. "जगात कुठं होत असेल का हे?" इतकं आनंदी मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं.

सर्वपित्री अमावास्या आली. सगळ्यात जास्त घास त्या दिवशी पडतात. सर सुट्टी काढून घाटावर आले होते. दुपारपर्यंत चारही गाई चांगल्या, संध्याकाळीही चांगल्या. कुशी मऊ, आवाज सुरू, चौघी बसून रवंथ करतायत. शेवंताबाई पायरीवर बसून हसत होती.

सरांनी गौरीला कान लावला, मग हरणीला, मग पुन्हा गौरीला. "फरक नाही," ते म्हणाले. "दिलेल्या आणि न दिलेल्या सारख्याच. म्हणजे तेलानं काही होत नाही. हेही कळणं चांगलंच."

शेवंताबाईनं हसणं थांबवलं. "होत नाय कसं? चौघींना दिलंय की मी."

सरांनी गौरीच्या कुशीवरचा हात काढून घेतला.

"लाडू मोडून अर्धा अर्धा घातला. एकीनं खायचं आणि दुसरीनं बघायचं, असं माझ्या गोठ्यात नाय चालत. तुम्ही असता तर तुम्ही पण दिलं असतं, सर."

सर तिच्या शेजारी पायरीवर बसले. मला वाटलं आता काहीतरी कडू बोलतील. ते म्हणाले, "गाई वाचल्या. बरं झालं." मग नदीकडे बघून मला म्हणाले, "पण मला हे कळलं नाही रे. कदाचित कळणारही नाही."

पुढच्या वर्षी आणि त्याच्या पुढच्या वर्षीही त्यांनी विचारून पाहिलं. पण कोणत्या गोठ्याला ते दोन गाई वगळायला सांगणार? शेवंताबाईनं तर तेलावर इतका विश्वास ठेवला की ती ते बाजारातून विकत आणून बारा महिने द्यायला लागली. माझी डिग्री झाली. सर निवृत्त झाले. निवृत्तीनंतर लोक फ्लॅट घेतात, यात्रा करतात. सरांनी सहा डांगी गाई घेतल्या आणि पेठ तालुक्यात काकूंच्या भावाच्या रिकाम्या गोठ्यात जाऊन राहिले. निरोप घ्यायला गेलो तेव्हा म्हणाले, "माझ्याच गाई. तिघींना देईन, तिघींना नाही. मध्ये कुणी दया करणारं नको."

"आणि मी काय करणार तिथं?" काकू सामान बांधत म्हणाल्या. त्यांनी कुकर सगळ्यात आधी बांधला होता.

नंतर सरांची खबर लागेना. तिकडं फोन नव्हता. नाशिकला कुणी म्हणायचं, सर गवळी झाले. कुणी म्हणायचं, गाई विकून परत येणार आहेत. मी सटाण्याला ज्युनियर कॉलेजात शिकवायला लागलो. एकदा पंचवटीत शेवंताबाई भेटली. ती खचलेली दिसली. मागच्या पितृपक्षात हरणी फुगली होती, तेल रोज देत असूनही. डॉक्टरांनी कशीबशी वाचवली. "माझ्याच हातानं काही चुकलं असंल," ती म्हणत होती. "सर असते तर सांगितलं असतं." सरांना तरी आता सांगता येईल का, अशी शंका मनात येऊन गेली आणि मला वाईट वाटलं.

श्रावणातली गोष्ट. स्टाफरूममध्ये माझा मोबाईल वाजला. नंबर अनोळखी.

"हरलो रे," पलीकडून आवाज आला. नाव नाही, नमस्कार नाही. पण मी उठून उभा राहिलो.

"सर, कुठून बोलताय?"

"पेठला आलोय, दुकानातून. ऐक. तीन दिलेल्या, तीन न दिलेल्या, शेजारी शेजारी. काकूंनी पहारा दिला, माझ्यावरच. सुरुवातीला फरक असा स्पष्ट, की तुला लांबून कळला असता. दिलेल्या तिघींचा हंडा शांत, वायू कमी. मी नाचलो. मग महिना होता होता फरक कमी झाला आणि पुढे गेलाच. सहाही सारख्या. मला वाटलं तेल शिळं झालं. नवं काढलं. तरी तेच. मग बंद केलं, मध्ये काही आठवडे जाऊ दिले, पुन्हा दिलं, तर पुन्हा फरक. कळलं का तुला?"

"नाही, सर."

"शिकतात रे ते. पंगतीतले आडदांड. रोज ओवा आला की त्यांना ओव्याची सवय होते. मग दमानं घ्या म्हटलेलं ऐकत नाहीत. आणि काही दिवस ओवा आला नाही की विसरतात. एवढेसे जीव, दिसत नाहीत, आणि शिकतात. मी आयुष्यभर शिकवलं, पण इतक्या लवकर शिकणारे पाहिले नव्हते." त्यांना हसू आवरत नव्हतं. मागून काकूंचा आवाज आला, दुकानदाराला गिऱ्हाईकं आहेत म्हणून.

"म्हणजे तेलाचा उपयोग नाही, सर?"

"वर्षभर दिलं तर नाही. पंधरवडाभर आहे. पंधरा दिवसांत ते शिकत नाहीत. शेवंताबाई अजून देते का?"

"बारा महिने देते, सर. हरणी तरी फुगली मागच्या वर्षी."

त्यांचा आवाज एकदम घाईचा झाला. "फुगणारच. आत्ता कुठला महिना? श्रावण. वेळ आहे. तिला सांग, आजपासून बंद. एक थेंब नको, त्यांना विसरू दे. मग भाद्रपदातल्या पौर्णिमेला सुरू आणि अमावास्येला बंद. आणि चौघींना दे म्हणावं, सगळ्यांना. आता कुणाला वगळायचं कारण नाही. फोनवर नको सांगू, तिला पटणार नाही. तू जा. सटाण्याहून आत्ता एसटी असेल ना?"

होती. पुढच्या तासाची मुलं वर्गात बसली होती. मी त्यांना सुट्टी दिली आणि स्टँडकडे निघालो.